ऑनलाइन दुकान विकताना घेणारा नेमकं काय विकत घेतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: भरतकाम आणि शिवणकामाच्या सामानाचं ऑनलाइन दुकान तुम्ही चार वर्षं एकहाती चालवताय. दोन तृतीयांश विक्री स्वतःच्या वेबसाइटवरून होते, उरलेली मार्केटप्लेसवरून, म्हणजे जिथे अनेक विक्रेते एकाच संकेतस्थळावर माल विकतात तिथून. आठवड्याला तीसेक तास त्यात जातात. आता दुसरी जबाबदारी अंगावर आल्यामुळे तीन महिन्यांत दुकान विकायचं आहे. तर किंमत किती सांगावी आणि गिऱ्हाईक कुठे शोधावं?

दोन्हींची उत्तरं देतो, पण थोडं मागे जाऊन. मी स्वतःची दोन छोटी ऑनलाइन दुकानं विकली आहेत. त्यानंतर बरीच वर्षं दुसऱ्यांच्या अशा सौद्यांत हिशेब तपासणं आणि दुकान एका हातातून दुसऱ्या हातात नीट सोपवणं हे काम करतो. मोडलेले सौदे आठवले, तर किंमतीवरून मोडलेले फार थोडे. बरेचसे अशा वेळी मोडले, जेव्हा घेणाऱ्याच्या लक्षात आलं की मालक बाजूला झाला की मागे फारसं काही उरत नाही. पुरवठादार मालकाच्या शब्दावर उधारी देतो, कुठल्या रंगाचा दोरा कधी मागवायचा हे मालकाच्या डोक्यात आहे, जुनी गिऱ्हाइकं मालकाच्या खासगी नंबरवर मेसेज करतात. म्हणून तुमचा खरा प्रश्न मी असा मांडेन: तुम्हाला वजा केल्यावर दुकानात काय उरतं, आणि जे उरतं ते दुसऱ्याच्या नावावर करता येतं का? किंमत त्यावरून ठरते, आणि घेणारा कोण असेल हेही.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या तुम्ही सांगितलेल्या नाहीत. दुकान तुमच्या वैयक्तिक नावावर आहे की वेगळ्या कंपनीच्या? मालाचा साठा किती आणि त्यातला किती खरोखर हलतो? वेबसाइटवरची विक्री जाहिरातीतून येते, शोधातून येते की परत येणाऱ्या गिऱ्हाइकांकडून? ही उत्तरं बदलली की माझा सल्लाही थोडा बदलेल. कराचा भाग मी मुद्दाम बाजूला ठेवतो. तो देशागणिक वेगळा असतो आणि त्यासाठी तुमचा करसल्लागारच हवा. मात्र त्याच्याकडे सौदा ठरण्याआधी जा. सही झाल्यावर तो फक्त झालेल्या गोष्टीचा हिशेब लावू शकतो, सौद्याची रचना बदलू शकत नाही.

आधी नफा. माझ्याकडे येणारे बहुतेक विक्रेते उलाढाल सांगतात, आणि घेणारा नेमकं तेच ऐकत नाही. तो विचारतो, वर्षाअखेर मालकाच्या हातात काय राहतं? समजा वर्षाची विक्री १०० धरली. परत आलेल्या मालाचे पैसे हा खर्चच, तो विसरू नका. माल दारात पडेपर्यंतचा खर्च ४६, पॅकिंग आणि कुरिअर १४, जाहिरात १६, पेमेंट गेटवे (गिऱ्हाइकांचे पैसे ऑनलाइन स्वीकारणारी सेवा) आणि मार्केटप्लेसचं शुल्क ६, रिटर्न आणि खराब माल ४, सॉफ्टवेअर आणि वेबसाइट २. एकूण ८८, उरले १२. आता या ८८ मध्ये तुमच्या घरातला इंटरनेट, खासगी फोनचं बिल, एकदाच केलेली वेबसाइटची डागडुजी असा १ चा खर्च असेल, तर तो नफ्यात परत मिळवता येतो, कारण नव्या मालकाला तो करावा लागणार नाही. म्हणजे मालकाचा नफा १३.

हा १३ चा आकडा खरा आहे, पण प्रत्येक घेणाऱ्यासाठी तेवढाच नाही. जो स्वतः आठवड्याला तीस तास देणार आहे, त्याच्यासाठी तो १३ आहे. ज्याला कुणाला तरी पगारावर ठेवून दुकान चालवायचं आहे, त्याला त्या माणसाचा पगार द्यायचा आहे. तो समजा ६ असेल, तर त्याच्यासाठी नफा उरला ७. दुकान एकच, कागदपत्रं तीच, पण दोन घेणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर जवळजवळ दुप्पट फरक. पहिल्या बैठकीत एक जण चांगली किंमत सांगतो आणि दुसरा अर्धी, तेव्हा विकणाऱ्याला दुसरा माणूस लुबाडायला आलाय असं वाटतं. बहुतेक वेळा तसं नसतं, तो फक्त तुमच्या जागी पगारी माणूस बसवून बघत असतो. त्यामुळे तुमचे तीस तास कमी करता आले तर करा. पॅकिंग बाहेर दिलं, गिऱ्हाइकांच्या नेहमीच्या प्रश्नांची उत्तरं लिहून ठेवली, मागणीचं वेळापत्रक कागदावर आणलं आणि काम पंधरा तासांवर आलं, तर दोन्ही घेणाऱ्यांचे आकडे जवळ येतात. विक्री वाढवण्यापेक्षा हे सोपं आहे आणि किंमतीवर त्याचा परिणाम जास्त होतो.

किंमतीचा ढोबळ अंदाज विचारलात म्हणून सांगतो. एकट्याने चालवलेली छोटी ऑनलाइन दुकानं माझ्या पाहण्यात वर्षाच्या मालक-नफ्याच्या दोन ते तीन पटींत जातात. दोनच्या खालीही जातात, विशेषतः विक्री उतरतीला लागली असेल किंवा सगळी मदार एकाच मार्केटप्लेसवर असेल तेव्हा. तीनच्या वर जायला स्वतःचा नोंदवलेला ब्रँड, परत परत येणारी गिऱ्हाइकं, एकापेक्षा जास्त पुरवठादार आणि निदान दोन वर्षांचे स्वच्छ हिशेब लागतात. भरतकामाच्या सामानाला एक नैसर्गिक फायदा आहे: दोरा संपतो आणि माणूस परत येतो. एका वर्षात दुसऱ्यांदा खरेदी करणारी गिऱ्हाइकं किती, हा आकडा काढून ठेवा. तुमच्या दुकानाबद्दलची ती सगळ्यात चांगली बातमी असण्याची शक्यता आहे.

मालाचा साठा या पटीत धरू नका, तो वेगळा. पद्धत अशी की हस्तांतरणाच्या दिवशी दोघांच्या समोर माल मोजायचा आणि खरेदीची किंमत अधिक आणण्याचा खर्च, या भावाने घेणाऱ्याने त्याचे पैसे द्यायचे. विक्रीच्या भावाने नाही. इथे वाद होतो तो पडून राहिलेल्या मालावरून. तुमच्या धंद्यात रंग असतात, आणि प्रत्येक छटेचा माल ठेवावा लागतो, त्यामुळे न हलणाऱ्या छटा साठतातच. सहा महिन्यांत एकदाही न विकलेला माल वेगळा काढा आणि दुकान बाजारात आणण्याआधी सवलतीत संपवा, नाहीतर घेणारा त्याला शून्य धरेल आणि त्याच्या निमित्ताने उरलेल्या मालाचा भावही पाडेल.

एक कळकळीची विनंती: शेवटच्या महिन्यांत नफा फुगवायला जाहिरात बंद करू नका. मोह होतो, कारण खर्च लगेच थांबतो आणि विक्री हळूहळू उतरते, त्यामुळे दोन महिने आकडे देखणे दिसतात. पण घेणारा महिन्यागणिक खर्च आणि विक्री शेजारी शेजारी ठेवून बघतो. त्याला ते दिसलं की तो बाकीच्या सगळ्या आकड्यांवर संशय घेतो, आणि तो संशय पुसता येत नाही. हिशेब जसे आहेत तसे द्या. वाईट महिना असेल तर त्याचं कारण शेजारी लिहा.

आता ज्या भागात सगळ्यात जास्त घोटाळे होतात तो: काय तुमचं आहे आणि काय तुमचं नाहीच. वेबसाइट, डोमेन म्हणजे वेबसाइटचा पत्ता, ब्रँडचं नाव, फोटो, उत्पादनांची वर्णनं, ईमेल यादी ही तुमची. शॉपिफायसारख्या सेवेवर दुकान असेल तर मालक बदलण्याची रीतसर सोय तिथे असते. मार्केटप्लेसचं तसं नाही. एट्सीवरचं दुकान दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही आणि ईबे खातंही त्यांच्या परवानगीशिवाय सोपवता येत नाही. म्हणजे त्या एक तृतीयांश विक्रीमागची परीक्षणं, मानांकन, शोधातलं स्थान हे सगळं खात्याला चिकटलेलं आहे, आणि खातं कदाचित तुमच्याबरोबर राहणार आहे. तुमच्या मार्केटप्लेसच्या अटी स्वतः वाचा, त्यांच्या मदत विभागाला लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा. पासवर्ड देऊन टाकला की झालं, असं सांगणारे भेटतील. तसं केलं आणि पुढे खातं गोठवलं गेलं, तर घेणारा तुमच्याकडेच येईल. दुकान कंपनीच्या नावावर असेल आणि कंपनीच विकली, तर काही ठिकाणी खातं कंपनीबरोबर जातं. दुकान वैयक्तिक नावावर असेल तर हा रस्ता नाही. अशा वेळी मी विक्रेत्याला सांगतो, किंमत वेबसाइटच्या नफ्यावर मांडा आणि मार्केटप्लेसची विक्री ही घेणाऱ्याने नव्या खात्यातून नव्याने उभी करायची गोष्ट आहे हे पहिल्याच भेटीत सांगा. आकडा लहान होतो, पण सौदा टिकतो.

पेमेंट गेटवेचं खातंही सोबत जात नाही. घेणाऱ्याला स्वतःच्या नावाने नवं घ्यावं लागतं, त्याची ओळखपत्रं तपासली जातात, आणि नव्या खात्यावर सुरुवातीला पैसे काही दिवस रोखून धरले जाऊ शकतात. हे आधीच सुरू केलं नाही तर हस्तांतरणाच्या दिवशी दुकान चालू आणि गल्ला बंद अशी अवस्था होते.

डोमेनबद्दल एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. डॉट कॉमसारख्या डोमेनवर नोंदणीतल्या मालकाचं नाव किंवा ईमेल बदलला की ते दुसऱ्या रजिस्ट्रारकडे, म्हणजे डोमेन नोंदवणाऱ्या दुसऱ्या कंपनीकडे, नेण्यावर ६० दिवसांची बंदी लागू शकते. म्हणून घेणाऱ्याला तुमच्याच रजिस्ट्रारकडे खातं उघडायला सांगा आणि डोमेन आतल्या आत त्याच्या खात्यात ढकला. ते सहसा त्याच दिवशी होतं. दुसरीकडे न्यायचं असेल तर तो पुढे सावकाश नेईल.

आणि फोन नंबर. माझ्या पहिल्या विक्रीत जवळजवळ सगळी खाती माझ्या खासगी मोबाईलला जोडलेली होती, पडताळणीचे कोड तिथेच यायचे. सौदा झाला, पैसे आले, आणि पुढचे दीड महिने नवा मालक दिवसातून चार-पाच वेळा मला कोडसाठी फोन करत होता. रात्री अकरालाही. तो चिडला, मीही चिडलो, आणि शेवटचा हप्ता देताना त्याने त्याच कारणाने रक्कम कापली. चूक माझी होती. तेव्हापासून प्रत्येक विक्रेत्याला मी पहिलं काम हेच सांगतो: दुकानासाठी वेगळा ईमेल आणि वेगळा नंबर घ्या आणि प्रत्येक खातं त्यावर न्या. यादी करताना लक्षात येतं की खाती वीस-पंचवीस निघतात. कुरिअर, जाहिरातीची खाती, गुगलची साधनं, सोशल मीडियाची पानं, ईमेल पाठवण्याची सेवा, डिझाइनचं सॉफ्टवेअर, फोटो ठेवायची जागा. ही यादीच पुढे हस्तांतरणाचा कागद बनते.

गिऱ्हाइकांची यादी देताना जपून. लोकांनी पत्ता आणि ईमेल तुमच्या दुकानाला दिलेला असतो, आणि बऱ्याच देशांत त्याचे कडक नियम आहेत. युरोपीय संघातला जीडीपीआर हा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २५ मे २०१८ पासून लागू आहे, आणि तुमची काही गिऱ्हाइकं तिथली असतील तर तो तुम्हाला लागू होऊ शकतो. चौकशीच्या टप्प्यावर कुणालाही नावं आणि ईमेल दाखवू नका, फक्त आकडे दाखवा. खरी यादी सौदा पूर्ण झाल्यावर, आणि तेव्हाही गिऱ्हाइकांना मालक बदलल्याचं कळवून.

घेणारा कुठे शोधायचा? लोक लगेच फ्लिपासारख्या, ऑनलाइन धंदे विकायच्या संकेतस्थळावर जातात. ते २००९ पासून आहे, तिथे गर्दी असते, आणि तुमच्या आकाराची दुकानं तिथे विकली जातात. पण चौकशी करणाऱ्यांपैकी फार थोडे गंभीर असतात, तेव्हा वेळ धरून चला. मोठ्या दलालांकडे किमान नफ्याची अट असते, आणि ते मोबदल्यात किंमतीचा बऱ्यापैकी वाटा घेतात. छोट्या दुकानासाठी मी आधी जवळची वर्तुळं बघतो. तुमचा पुरवठादार, ज्याला थेट गिऱ्हाइकापर्यंत पोचायचं आहे. शेजारच्या वस्तू विकणारा, म्हणजे कापड किंवा विणकामाची लोकर विकणारं ऑनलाइन दुकान, ज्याच्याकडे गोदाम आणि माणसं आधीच आहेत. आणि तुमची नेहमीची, कलेत मुरलेली गिऱ्हाइकं. माझं दुसरं दुकान एका नेहमीच्या गिऱ्हाईक बाईंनी घेतलं. मालाची त्यांना माझ्यापेक्षा जास्त जाण होती, त्यांना फक्त हिशेब शिकवावा लागला.

लोकर विकणाऱ्या दुकानदाराकडे ६ चा वेगळा पगार द्यायची गरज नसते, कारण त्याची माणसं आहेतच. कुरिअरचा दरही त्याला कदाचित तुमच्याहून कमी पडतो. म्हणून तो जास्त देऊ शकतो. पण तो उद्या तुमचा स्पर्धकही होऊ शकतो. त्याला माहिती पायरी पायरीने द्या: आधी नाव न सांगता दुकानाचं एक पानी वर्णन, मग गोपनीयतेच्या करारावर सही, मग महिन्यागणिक हिशेब. पुरवठादारांची नावं आणि भाव हे सगळ्यात शेवटी, विसार हातात आल्यावर.

तुम्ही कुणाच्या तरी मोठ्या ऑफरची वाट बघत असाल तर तसं करू नका. २०२० आणि २०२१ मध्ये अ‍ॅमेझॉनवरचे छोटे ब्रँड घाऊक विकत घेणाऱ्या कंपन्या आल्या आणि भाव चढले. त्यातली सगळ्यात नावाजलेली थ्रासिओ २०१८ मध्ये सुरू झाली होती, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये तिने दिवाळखोरीसंरक्षण मागितलं. त्या काळातले भाव ऐकून आजही काही विक्रेते अडून बसतात. तोवर त्यांची विक्री उतरते.

पैसे कसे घ्यायचे यावर मी ठाम आहे. एकरकमी थोडी कमी आणि हप्त्यांनी थोडी जास्त अशी निवड असेल, तर छोट्या दुकानात एकरकमी घ्या. हप्ते घ्यावेच लागले तर किंमतीचा मोठा भाग पहिल्याच दिवशी, उरलेला ठरलेल्या तारखांना, आणि हप्ता चुकला तर काय होईल हे करारात. पुढच्या विक्रीवर अवलंबून असलेली रक्कम बोनस समजा. ती आलीच नाही तरी सौदा परवडला पाहिजे, कारण दुकान तेव्हा तुमच्या हातात नसेल आणि विक्री पडली तर ती कुणामुळे पडली हे सिद्ध करता येत नाही. पैसे आणि खाती यांची अदलाबदल त्रयस्थ एस्क्रोमार्फत करा: घेणारा पैसे तिथे भरतो, तुम्ही सगळं सोपवता, तो तपासतो, मग पैसे सुटतात. अनोळखी माणसाशी व्यवहार असेल तर याला पर्याय नाही.

करारात लोक एक गोष्ट विसरतात, ती म्हणजे वेळेची रेघ. अमुक दिवशी रात्री बारापर्यंत आलेल्या ऑर्डरी तुमच्या, त्यानंतरच्या त्याच्या. त्याआधी विकलेला माल पुढच्या आठवड्यात परत आला तर पैसे कोण देणार? विकलेली पण न वापरलेली गिफ्ट कार्डं? वाटलेली सवलतीची कूपनं? रकमा छोट्या असतात, पण भांडणं यावरूनच होतात. त्याच कागदावर तुम्ही किती दिवस मदत कराल (मी तीस दिवस आणि आठवड्याला ठरावीक तास लिहितो) आणि त्याच धंद्यात किती काळ परत उतरणार नाही, हेही येऊ द्या.

राहिला तीन महिन्यांचा प्रश्न. जमेल, पण तयारी आज सुरू केली तर. पहिला महिना पूर्ण हिशेब, खाती आणि साठा यांवर घाला. दुकानाचं बँक खातं घरखर्चापासून वेगळं नसेल तर ते सगळ्यात आधी. त्याच महिन्यात एक आठवडा असा काढा की रोजचं काम दुसरं कुणीतरी फक्त तुमच्या लेखी सूचना वाचून करेल. तो जिथे अडेल आणि तुम्हाला विचारायला येईल, ती प्रत्येक जागा लिहून घ्या आणि सूचना दुरुस्त करा. दुसऱ्या महिन्यात पुरवठादार आणि शेजारचे दुकानदार यांच्याशी बोला, आणि त्यांच्याकडून हालचाल नसेल तरच संकेतस्थळावर जाहिरात द्या. तिसरा महिना तपासणी आणि करारात जातो, आणि तो बहुतेकदा चौथ्यात घुसतो. म्हणून दुसऱ्या जबाबदारीला शब्द देताना एक महिना हातात ठेवा.

इतकं करूनही घेणारा मिळाला नाही, तर दुकान तुकड्यांत विकता येतं. साठा दुसऱ्या विक्रेत्याला घाऊक भावाने, डोमेन आणि वेबसाइट वेगळी, फोटो आणि वर्णनांसकट. मिळणारी रक्कम चालू दुकानाच्या किंमतीपेक्षा बरीच कमी असते, पण शून्य नसते. ती किती होईल हे आत्ताच काढून ठेवा. समोरचा फारच पाडून मागू लागला, तर कुठल्या आकड्याच्या खाली उठून यायचं हे तुम्हाला माहीत असेल.